उचलणं आणि ठेवणं

आमच्या घरच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एक छोटी लाकडी होडी चौदा महिने पडून होती. अंगठ्याएवढी. तिला बारीक साखळी, आणि साखळीला पत्र्याची एक पट्टी. पट्टीवर एका किड्याचं चित्र, त्याच्या पाठीवर दुकानातल्या पाकिटावर असतात तशा रेघा, आणि शेजारी काही अक्षरं-अंक. सिएटलला मुलाकडे गेले होते तेव्हाची आठवण म्हणून मी ती जपून ठेवली होती.

मागच्या वर्षी चातुर्मासाच्या तोंडावर कपाटं आवरायला काढली. सासूबाई शेजारी माळ घेऊन बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, नजर अजून शाबूत. त्यांनी होडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मालवीत एवढंच विचारलं, की हे कोणाचं?

मी पटकन म्हणाले, "माझंच. अमेरिकेहून आणलं."

"विकत घेतलं?"

"नाही."

"कोणी दिलं?"

इथे मी अडखळले. विकत घेतलं नाही, कोणी हातात दिलं नाही, आणि तरी मी त्याला माझं म्हणत होते. बाई पुढं काही बोलल्या नाहीत. होडी माझ्या हातात ठेवली आणि माळ पुढे सुरू केली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. हा लेख त्याच प्रश्नातून आलेला आहे.

आधी ती होडी मिळाली कशी, ते सांगते. माझा नातू आठ वर्षांचा. सिएटलला सुट्टीच्या दिवशी तो मला घराजवळच्या जंगलासारख्या बागेत घेऊन गेला. हातात बापाचा मोबाईल, मोबाईलवर नकाशा, आणि नकाशावर एक ठिपका. म्हणाला, "आजी, इथे खजिना आहे." मला वाटलं, पोरखेळ. पण वीस मिनिटं शोधल्यावर एका पडलेल्या झाडाच्या ढोलीत खरंच एक घट्ट झाकणाचा डबा निघाला. आत एक वही, पेन्सिल, आणि गोट्या, किल्लीची साखळी, प्लास्टिकचा डायनासोर असल्या चिल्लर वस्तू. नातवानं वहीत तारीख घालून नाव लिहिलं, डायनासोर घेतला आणि स्वतःच्या खिशातली मोटार ठेवली. मला म्हणाला, "तूही घे, पण काहीतरी ठेवावं लागतं." मी पर्स चाचपली. कुंकवाची छोटी पितळी डबी होती, ती ठेवली आणि ही होडी घेतली. मनात असंही आलं, की माझी डबी होडीपेक्षा भारी आहे, म्हणजे मी काही फुकट घेतलं नाही.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे, लपवून ठेवलेला साठा. उपग्रहांवरून आपली जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेनं लष्करासाठी उभी केली होती. सामान्य माणसाला ती मुद्दाम ढोबळ करून मिळे, शंभर-शंभर मीटरचा फरक पडे. 2 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं तो मुद्दाम ठेवलेला फरक बंद झाला. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, ओरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराजवळ डेव्ह अल्मर नावाच्या संगणक सल्लागारानं जंगलात एक बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबा. जागेचे आकडे त्यानं इंटरनेटवर सगळ्यांना सांगितले. अट एकच, काही घ्याल तर काही ठेवा आणि वहीत लिहा. तीन दिवसांच्या आत माईक टीग नावाच्या माणसानं ती शोधली. आता असे तीस लाखांहून जास्त डबे जगभर आहेत, भारतात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही आहेत. या खेळाची मुख्य कंपनी सिएटलमधलीच.

त्याच्याही आधीचा एक असाच खेळ इंग्लंडमध्ये आहे. डार्टमूरच्या माळरानावर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यांनी आपलं नावाचं कार्ड तिच्यात टाकून जावं. म्हणजे ओळखीपाळखीच्या नसलेल्या, पुढे कधी भेटणार नसलेल्या माणसासाठी काही ठेवून जायची हौस जुनीच आहे.

या खेळातल्या लोकांचे काही रिवाज आहेत. पोलीस नाही, दंड नाही, तरी बहुतेक जण पाळतात. डबा जिथे होता तिथेच, जसा झाकलेला होता तसाच ठेवायचा. घेतलं त्याच्या तोलामोलाचं किंवा जास्तीचं ठेवायचं. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, वासानं जनावरं येतात आणि डबा फोडतात. चाकू, दारू, फटाके नाहीत. जमीन खणायची नाही. जागा ज्याची असेल त्याची परवानगी घ्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत डबा उघडायचा नाही, कारण खेळ ठाऊक नसलेला माणूस तो उचलून कचऱ्यात टाकेल. वाटेत दिसलेला कचरा परतताना सोबत आणायचा. त्यासाठी तर 2002 पासून वेगळे मेळावेही भरतात. गंमत म्हणजे पहिली बादलीच आजच्या नियमात बसली नसती. ती अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याचा डबा होता. नियम कोणी वरून पाठवले नाहीत. खेळताना चुका झाल्या, त्या चुकांतून माणसं शहाणी होत गेली.

तोलामोलाचा नियम वाचला तेव्हा मला हसू आलं. हा तर आपल्या घरचाच रिवाज. शेजारणीकडून वाटी आली तर ती आपण रिकामी परत पाठवतो का? माझी आई सोलापूरकडची. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण वाटी रिकामी जाऊ द्यायची नाही. इथे बदनावरला सासरी आले तर तेच, फक्त साखरेच्या जागी कधी दोन बाटी, कधी मूठभर सेव. कोणी शिकवलं नाही, बघून बघून अंगात मुरलं.

आपल्या शास्त्रात तर याची नावंसुद्धा आहेत. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत. त्यातला एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना मोठं माप आणि देताना लहान. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. हे दुकानदारासाठी आहे असं समजून आपण बायका पुढे सरकतो. पण चांगलं खेळणं उचलून डब्यात तुटकं बटण टाकून जाणारा माणूस काय करतो? मापच मारतो. तिथे तराजू नाही आणि समोर गिऱ्हाईकही नाही, एवढाच फरक.

या हिशोबानं मी स्वतःला निर्दोष समजत होते. माझी डबी भारी होती. पण बाईंच्या प्रश्नानंतर मला राहवेना. त्याच रात्री व्हिडिओ कॉल लावला आणि होडी मोबाईलसमोर धरली. नातू ओरडला, "आजी, तो बग आहे!" मुलाचा चेहरा पडला. म्हणाला, "आई, हे तुझ्याकडे कसं? हे ठेवून घ्यायचं नसतं."

त्यानं समजावलं ते असं. डब्यात काही वस्तू घेण्यासाठी असतात आणि काही पुढे नेण्यासाठी. पट्टी लावलेली वस्तू ही दुसऱ्या प्रकारची. ती एका माणसाची असते, त्यानं तिला प्रवासाला पाठवलेलं असतं. ज्याला सापडेल त्यानं ती पुढच्या डब्यात न्यायची, नोंद करायची, आणि मालक घरी बसून तिचा प्रवास बघत राहतो. पट्टीवरचे अंक टाकल्यावर मुलाला त्या होडीचं पान दिसलं. जर्मनीतल्या कोणीतरी सोडलेली. इच्छा लिहिली होती, की होडीनं नदीकाठानं फिरावं. चार देश पाहून ती सिएटलला पोचली होती. त्यानंतर त्या डब्याशी येऊन गेलेल्या तिघांनी लिहिलं होतं, होडी शोधली, इथे नाही. शेवटी मालकानं तिच्यापुढे हरवली असं लिहून टाकलं होतं.

तिघं माणसं येऊन शोधून गेली आणि त्या वेळी होडी बदनावरला माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली!

मी शेजारच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, दहा रुपयांची वस्तू. तुला माहीत नव्हतं. वर तू पितळेची डबी दिलीस. कसली चोरी?" तिचं बोलणं मनाला बरं वाटलं. म्हणूनच मी ते जरा तपासून पाहिलं.

तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत पूज्यपाद आचार्यांनी एक शंका घेतली आहे. न दिलेलं घेणं ही चोरी, तर मग गोचरीला निघालेला मुनी गावाच्या रस्त्यानं जातो, वेशीतून आत शिरतो, ती वेस त्याला कोणी दिली होती? उत्तर असं, की रस्ता आणि वेस सर्वांसाठी मोकळी सोडलेली आहेत, म्हणून दोष नाही. पण म्हणूनच मुनी बंद दारातून आत शिरत नाही, कारण ते सर्वांसाठी मोकळं नाही. मला माझं उत्तर इथे मिळालं. तो डबा वेशीसारखा होता, कोणीही यावं. पण त्या मोकळ्या वेशीच्या आत एक बंद दार होतं, आणि पट्टी ही त्या दाराची कडी होती. मी कडी पाहिली, तिच्यावरचे अंक पाहिले, चित्र सुंदर आहे असं म्हटलं, आणि आत शिरले.

आणि पितळेची डबी? तोलामोलाचा हिशोब घेण्यासाठी ठेवलेल्या वस्तूंना लागतो. जी वस्तू द्यायला काढलेलीच नाही तिच्या जागी सोनं ठेवलं तरी ती दिलेली होत नाही. कोणाच्या दारातली चप्पल घालून जावं आणि तिथे नवी साडी ठेवावी, तसं ते झालं. देणाऱ्यानं दिलं पाहिजे. आपण मोल भरलं म्हणून त्याचं देणं आपणच ठरवून टाकायचं नाही.

राहिलं, मला माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण शास्त्र चोरीच्या व्याख्येत अज्ञानाचा शब्द घालत नाही, प्रमादाचा घालतं. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नातू दोन हातांवर उभा होता. "अरे, ही पट्टी कसली?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी विचारलं नाही कारण मला ती होडी आवडली होती. आवडलेल्या वस्तूबद्दल आपण जास्त चौकशी करत नाही, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. मोह आधी येतो आणि अज्ञान त्याच्या सोयीनं मागून येतं.

आपल्या साधू-साध्वींचं आठवा. दात कोरायची काडीसुद्धा मागितल्याशिवाय घ्यायची नाही. विहारात झाडाखाली टेकायचं तरी ज्याची जागा त्याची आज्ञा. धनी कोणी दिसत नसेल तर शक्रेंद्राची आज्ञा घेऊन बसतात. लहानपणी मला याचं नवल वाटे, ओसाड माळावर विचारायचं कोणाला? आता वाटतं, उत्तर देणारा कोणी आहे की नाही हा मुद्दाच नव्हे. विचारण्यानं आपलं मन जागं राहतं, की हे माझं नाही.

पाच समितींमध्ये चौथी आदाननिक्षेपण समिती. उचलणं आणि ठेवणं. पात्र, शास्त्र, काहीही उचलताना आणि ठेवताना नीट पाहायचं, पुंजून घ्यायचं, खाली एखादा जीव दबला जाऊ नये. मी ही समिती सगळं आयुष्य जीवदयेपुरती समजत आले. ती त्यासाठीच आहे. आणि त्या बागेत तीही उपयोगाची होती. ढोलीत हात घालण्याआधी नातवानं काठीनं पानं हळूच बाजूला केली आणि आतल्या गोगलगाईला वाट दिली, ते पाहून मला भरून आलं होतं. पण उचलताना आपण सगळेच उत्साहात असतो. परीक्षा ठेवताना होते. पुढच्या माणसाला ती वस्तू तशीच मिळेल का, हा विचार ठेवण्यात आहे. प्याऊवर पाणी पिऊन पेला उपडा ठेवणं, स्थानकातलं पुस्तक वाचून त्याच खणात लावणं, सामायिक रसोईतला झारा धुऊन अडकवणं, हे सगळं न दिसणाऱ्या पुढच्या माणसासाठीच असतं. त्याचं तोंड आपण पाहणार नाही, तो आपले आभार मानणार नाही.

खरेपणाचंही तसंच. या खेळात डबा सापडला नाही तर तेही लिहायचा रिवाज आहे. सिएटलला दुसऱ्या दिवशी आम्ही एक डबा तासभर शोधला, मिळाला नाही. नातू रडकुंडीला आला. म्हणाला, "सापडला असं टाकूया ना, कोणाला कळणार?" मुलानं त्याला जवळ घेतलं आणि सापडला नाही असंच लिहायला लावलं. कारण चार जणांनी सापडला नाही लिहिलं तर डबा ठेवणारा येऊन पाहतो, हरवला असेल तर नवा ठेवतो. एकानं खोटं सापडला लिहिलं, की तो निर्धास्त राहतो आणि पुढचे दहा जण उन्हातान्हात फिरतात. आपल्या छोट्या खोट्याची किंमत अशी दुसऱ्यांनी भरायची असते. माझी होडीही तशीच. मी मजेत होते आणि तीन अनोळखी माणसं झाडाच्या ढोलीत हात घालून बसली होती.

मग प्रश्न आला, आता करायचं काय? पुढच्या डब्यात ठेवायची म्हणाल तर बदनावरच्या आसपास मुलाला नकाशावर एकही डबा दिसेना. मला वाटलं, आपणच ठेवू. मांडू काही फार लांब नाही, भिंतींत फटी काय कमी आहेत! मुलगा म्हणाला, "आई, संरक्षित वास्तू आहे ती. तिथे असं काही लपवायचं नसतं." बरोबर होतं. आधीच तिथल्या भिंतींवर लोकांनी नावं कोरून ठेवली आहेत, त्यात माझा डबा कशाला? आणि आपल्याकडे बेवारस डबा म्हणजे खजिना नव्हे. स्टेशनावर वर्षानुवर्षं आपण ऐकत आलो आहोत, लावारिस वस्तूला हात लावू नका. आपल्या देशानं ते रक्त सांडून शिकलंय. मी हौसेनं लपवलेल्या डब्यापायी एखाद्या गरीब चौकीदाराची रात्र हराम झाली तर ते पाप कोणाच्या खात्यावर? एका चुकीची दुरुस्ती करताना दुसरी चूक करणं फार सोपं असतं.

तोवर पर्युषण जवळ आलं. दर वर्षी संवत्सरीला आपण हात जोडतो, फोन करतो, आता तर मोबाईलवर एकच मजकूर शंभर जणांना पाठवतो. मीही पाठवते. त्या वर्षी प्रतिक्रमणाला बसले आणि मिच्छामि दुक्कडं म्हणताना ओठ थबकले. त्या जर्मन माणसाचं नाव मला ठाऊक नाही, तोंड पाहिलेलं नाही. त्याचीही क्षमा मागायची होती. पण वस्तू कपाटात ठेवून क्षमा कशी मागायची? उसनी घेतलेली कढई स्वतःच्या चुलीवर चढवून शेजारणीला सॉरी म्हणायचं, तसलंच ते.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून त्या पानावर लिहवून घेतलं. मी सांगितलं तसं. होडी माझ्याकडे आहे. मी न विचारता भारतात आणली. चूक माझी आहे, लवकरच पुढे पाठवते. मुलगा म्हणाला, "अजाणता आणली असं लिहू का?" मी नको म्हटलं. बेसावधपणे आणली असं लिही. जर्मन भाषेत त्याला काय म्हणतात ते तो जाणो.

दिवाळीनंतर इंदूरचा एक ओळखीचा मुलगा सिएटलला परत जात होता. त्याच्यासोबत होडी पाठवली. जाण्याआधी उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर तिचा एक फोटो काढला आणि त्या पानावर लावला; मालकाला नदी हवी होती, तेवढं तरी व्हावं. बाई सोबत होत्या. घाटावर त्या फार काही बोलल्या नाहीत, होडी हातात धरून थोडा वेळ बसल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, "आता कोणाची ते कळलं ना?" मी हो म्हटलं.

मालकाचं उत्तर आजवर आलेलं नाही. सुरुवातीला मी रोज मुलाला विचारायची. आता विचारत नाही. क्षमा मागणं माझ्याकडे होतं, देणं त्याच्याकडे आहे, आणि न दिलेलं घ्यायचं नाही हे तर आत्ताच शिकले.

नातवानं होडी एका नदीकाठच्या डब्यात नीट ठेवली, नोंद केली. मग बापाला घेऊन तो त्या जुन्या ढोलीतल्या डब्याकडेही जाऊन आला. फोनवर सांगत होता, "आजी, तुझी डबी तिथे नाही. कोणीतरी नेली." त्याला वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. ती मी दिली होती.

फक्त एवढंच मनात आलं, की तिच्यात चिमूटभर कुंकू होतं. ज्यानं उघडली असेल त्याची बोटं लाल झाली असतील आणि हे काय म्हणून त्यानं कोणाला तरी विचारलं असेल.